माहूरहून दरडींच्या मुलखात

माहूरला डोंगराचं भय कुणी बाळगत नाही. रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, अनसूया शिखर आणि शेजारी रामगडाचा पडका कोट अशा उंचवट्यांमध्ये हे गाव वसलं आहे. खाली पैनगंगा वळणं घेत जाते. नदीच्या पल्याड यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. अल्याड नांदेड, म्हणजे मराठवाडा. राखी पौर्णिमेला इथे परिक्रमा असते. ऐन श्रावणात, पाऊस पडत असो की उघडलेला असो, भाविकांची रीघ ओल्या डोंगरवाटा तुडवते, ओढे ओलांडते, सागाच्या रानातून चालते. पाय घसरून पडायची काळजी प्रत्येकाला असते. डोंगरच घसरेल, असं कुणाच्या मनात येत नाही.

जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी एका रात्रीत गाडली गेली, तेव्हा गडाखालच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न होता: आपला दगडही तोच, काळा, मग आपला डोंगरही असा सुटेल का? त्या प्रश्नाचा माग काढत माहूरची काही मंडळी पुढे एका मार्गशीर्षात सह्याद्रीकडे निघाली. भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी, सोयाबीन-कापसाचे दोन शेतकरी आणि गडाच्या पायऱ्यांशी तांबुलाचं दुकान असलेल्या घरातला एक तरुण. सुगीची घाई सरली होती, आणि कोकणात भात कापून झाल्यावर डोंगराच्या जखमा स्पष्ट दिसतात, असं गुरुजींचं म्हणणं होतं.

निघण्याआधी गुरुजींनी सगळ्यांना घरचाच डोंगर नव्यानं दाखवला. माहूर अजिंठा-सातमाळेच्या पूर्वेकडच्या फाट्यावर आहे. ही रांग पुढे निर्मळच्या डोंगरांत मिसळते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचत दख्खनचा काळा दगड तयार झाला. गावाजवळची पांडवलेणी याच दगडात कोरलेली. घाटरस्त्याच्या कापात हे थर उघडे पडलेत: खाली घट्ट पाषाण, वर भुगा होत चाललेला सच्छिद्र दगड, त्याच्यावर मुरूम, आणि मुरमावर सागाची मुळं धरतील एवढीच माती. माहूर-किनवट हा मराठवाड्यातला त्यातल्या त्यात पावसाचा भाग, तरी वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास. इथेही रस्त्याच्या कापातून दगड खाली येतात. पण अख्खा उतार वाहून यायला जाड माती, उंच चढ आणि अनेक दिवसांची संततधार एकाच जागी लागते, आणि हे त्रिकूट माहूरला सहसा जुळत नाही.

तांबुलाच्या दुकानातल्या तरुणाला मात्र उताराचा कोन हा प्रकार पटकन कळला, तोही शेतकऱ्यांमुळे. खळ्यात ज्वारीची रास घातली की ती एका ठरावीक तिरप्या कोनापर्यंत चढते. त्यावर आणखी एक टोपलं ओता, दाणे आपसूक खाली ओघळतात. सुटी माती, मुरूम, बर्फ, प्रत्येकाचा असा एक कोन असतो. फरक पाण्याचा. थोडी ओल कणांना एकमेकांशी धरून ठेवते. पाणी कणांमधल्या सगळ्या पोकळ्या भरून टाकू लागलं, की तेच पाणी कणांना आतून ढकलून वेगळं करतं आणि घर्षण गळून पडतं. दरड वजनानं येते, हे अर्धंच खरं. आतल्या पाण्याच्या दाबानं ती आधी सैल होते.

पुसदवरून पश्चिमेला निघालेला रस्ता दिवसभर काळ्या रानातून जातो. मंचरहून घोडेगाव आणि तिथून डिंभे धरणाच्या कडेनं आत शिरलं, की मुलूखच बदलतो. भीमाशंकरच्या डोंगरांच्या या कुशीत महादेव कोळी समाजाची गावं आहेत. भात, नाचणी, वरई ही पिकं, आणि रोख पैसा देणारं झाड म्हणजे हिरडा. कोवळा बाळहिरडा वेचून, वाळवून विकायचा, हा इथला वर्षाचा आधार. शेतं सपाट नाहीत. डोंगराला बांध घालून पायऱ्या केलेल्या खाचरांची आहेत. ही खाचरं एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीनं राबून तयार करायची जुनी रीत आहे, तिला पडकई म्हणतात. पुढे सरकारी योजनेनंही हेच नाव घेतलं आणि माणसांच्या जागी काही ठिकाणी यंत्रं आली.

माळीण इथलंच. ३० जुलै २०१४ ची सकाळ. रोजच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव दिसलंच नाही. ओळखीच्या जागी चिखलाचा उतार होता. बाहेरच्या जगाला पहिली खबर त्यानं दिली. चाळीसहून अधिक घरं गाडली गेली होती आणि १५१ माणसं मेली. तळेगावचं एनडीआरएफ पथक येऊन पोचेपर्यंत हाती लागतील त्या साधनांनी आसपासच्या गावांतले लोकच उकरत होते. त्या ढिगाऱ्यातून एक आई आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ जिवंत निघालं, ही गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली गेली. ती इतकी सांगितली गेली, कारण तशा गोष्टी जवळजवळ नव्हत्याच.

बर्फात गाडला गेलेला माणूस आणि चिखलात गाडला गेलेला माणूस यांच्यात मोठा फरक आहे. माहूरकरांना बर्फ ठाऊक तो गारपिटीचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांनी रब्बी झोडपून काढली, ती आठवण दोन्ही शेतकऱ्यांना अजून आहे. पण हिमस्खलनाचा अभ्यास युरोपात शंभर वर्षं चालू आहे आणि त्याचे आकडे दरडीलाही काही शिकवतात. हिमस्खलनात पुरला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुतेकदा वाचतो. अर्ध्या तासानंतर ही शक्यता झपाट्यानं कोसळते. बर्फात थोडी हवा असते, पण उच्छ्वासाच्या वाफेनं तोंडासमोर बर्फाचं कवच तयार होतं आणि माणूस गुदमरतो. म्हणून डोंगरात स्की करणारे लोक अंगावर संदेश-प्रक्षेपक बांधतात, जवळ लांब सळई आणि फावडं ठेवतात; हेलिकॉप्टर येईपर्यंत वेळ संपलेली असते, सोबत्यानंच शोधायचं आणि उकरायचं. चिखल आणि दगडांच्या ढिगात ही पंधरा मिनिटंही मिळत नाहीत. तिथे सुटका म्हणजे ढिगाखाली न सापडणं, एवढीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला तेव्हा दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवान होता. लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि सारा देश थक्क झाला. ११ फेब्रुवारीला तेही गेले.

माळीण का सुटलं, यावर बराच वाद झाला. काहींनी खाचरांसाठी उतारावर फिरलेल्या यंत्रांकडे बोट दाखवलं, काहींनी तुटलेल्या झाडीकडे, तर काहींनी आधीच्या दिवसांतल्या मुसळधार पावसाकडे. एकच आरोपी उभा करायचा मोह अशा वेळी सगळ्यांनाच होतो. प्रत्यक्षात उतार अनेक वर्षं तयार होत असतो, आणि शेवटचा पाऊस फक्त वेळ ठरवतो.

जुन्या जागेवर आता स्मृतिस्तंभ आहे. गावाचं पुनर्वसन आमडे इथे झालं; नव्या घरांचं लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झालं आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते आणि बांध खचले. डोंगराळ तालुक्यात सपाट, कोरडी, पाण्याजवळची आणि वर उतार नसलेली जागा शोधणं किती अवघड आहे, हे तिथे उभं राहिलं की कळतं. अशी जागा असती, तर ती आधीच कुणीतरी कसली असती.

माळीणलाच माहूरकरांना या प्रवासातला पहिला धक्का बसला. त्यांची समजूत होती की धोका उभ्या, काळ्या, भेसूर कड्याचा. कडा बघितला की पोटात गोळा येतो, खालच्या हिरव्या उताराकडे बघून मन निवतं. खरं गणित उलटं आहे. उभ्या कड्यावर माती टिकतच नाही. जे सुटायचं ते थोडं थोडं सुटून गेलेलं असतं. ते सगळं साचतं कड्याच्या पायथ्याशी, तीस-पस्तीस अंशांच्या उतारावर. बर्फाचंही असंच आहे. हिमस्खलनं मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट जागी बर्फ हलत नाही. फार उभ्या जागी तो साचत नाही, पडेल तसा ओघळून जातो. मधला, चढायला जमेल असा, डोळ्यांना सोसवणारा उतार, तोच धोक्याचा.

मग वाड्या नेमक्या तिथेच का? उत्तर पाण्यात आहे. पाऊस वरच्या पठारावर मुरतो, भेगाळ दगडातून उतरतो आणि खाली घट्ट पाषाणावर किंवा दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातकट पट्ट्यावर अडतो. तिथून तो आडवा सरकत डोंगराच्या अंगावर झऱ्याच्या रूपात बाहेर पडतो. झरा तिथे पाणवठा, पाणवठा तिथे वाडी, वाडी तिथे खाचर. आणि झऱ्याची ती रेषा म्हणजे सैल माती आणि घट्ट पाषाण यांच्यातला सांधा. घसरायचं झालं तर उतार त्याच सांध्यावरून घसरतो. पिढ्यान् पिढ्या ज्यानं पाणी पाजलं, धोकाही तिथूनच येतो. हिमालयात हा कमजोर थर महिनाभरापूर्वी पडलेल्या बर्फाचा असतो: थंडीत त्याचे दाणे साखरेसारखे सुटे होतात आणि वर नव्या बर्फाचं ओझं बसलं की तो मोडतो. सह्याद्रीतला थर कोट्यवधी वर्षांचा, पण मोडायची रीत तीच.

तळेगावावरून लोणावळा गाठून मंडळी बोरघाटानं खोपोलीला उतरली. खोपोलीहून पालीच्या रस्त्याला आत वळलं की आंबा नदीच्या काठी उंबरखिंड लागते. दरडींशी या जागेचा संबंध नाही. पण माहूरचा माणूस इथे न थांबता पुढे जाणं शक्य नव्हतं. बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेल्या शहाजादा खुर्रमनं, म्हणजे पुढच्या शाहजहाननं, आपले हत्ती आणि जड सामान माहूरच्या उदाजीरामाच्या हवाली केलं होतं. त्याच उदारामांच्या घराण्यातली सावित्रीबाई मोगलांची सरदार होती आणि रायबागन या किताबानं ओळखली जाई. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची फौज कुरवंड्याच्या घाटानं कोकणात उतरत असताना शिवाजी महाराजांनी तिला याच खिंडीत कोंडलं. वर झाडीत मावळे, खाली दाटीवाटीत अडकलेलं सैन्य, पाणी तोडलेलं. ‘शिवभारता’त आलेल्या वर्णनाप्रमाणे खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला तो या माहूरच्या बाईनं. सामान सोडून, खंडणी कबूल करून फौज जिवंत परतली. गुरुजींचं मत असं, की त्या खिंडीत जागा ओळखणारी मोगलांकडची एकमेव व्यक्ती तीच होती. इतिहासकार याला मान डोलावतील की नाही, सांगता येत नाही.

उंबरखिंड आणि इर्शाळवाडी एकाच खालापूर तालुक्यात आहेत.

चौक गावातून इर्शाळगड दिसतो. माथ्याला सुळका, सुळक्यात आरपार नेढं. मुंबई-पुण्याच्या ट्रेकर मंडळींचा हा आवडता डोंगर. त्याच्या अंगावर, मध्येच, ठाकर समाजाची ही वाडी होती. गाडीरस्ता नव्हता, खालच्या मानिवलीहून तासभराची चढण. शेती, रानातली भाजी, मजुरी आणि सुटीच्या दिवशी येणाऱ्या ट्रेकरांना जेवण, यावर घरं चालत. १९ जुलै २०२३ च्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास वरचा उतार सुटला. आधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं उपमुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. माहूरला निम्म्या पावसाळ्यात जेवढा पडतो तेवढा, तीन दिवसांत. सत्तावीस मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. जेसीबी वर चढू शकत नव्हते, धुक्यात हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. कुदळ, फावडं आणि हात, एवढंच होतं. वाडीतली काही मुलं त्या रात्री शाळेच्या इमारतीत होती. शाळा दरडीच्या वाटेबाहेर होती, म्हणून ती वाचली आणि त्यांनीच हाका दिल्या.

शाळेच्या भिंती जास्त पक्क्या होत्या म्हणून ती वाचली, असं तरुणाला वाटलं होतं. इथे उभं राहून पाहिल्यावर त्याचा समज फिरला. दरड ओघळीचा, म्हणजे डोंगरावरच्या खोलगट पन्हळीचा मार्ग धरते. चिखल, दगड, झाडं घेऊन ती वेगानं उतरते, त्या वाटेत आरसीसीचं घर असलं तरी ते टिकेल याची खात्री नाही; आणि वाटेच्या जरा बाजूला, डोंगराच्या उंचावलेल्या सोंडेवर साधं कुडाचं खोपटंही शाबूत राहू शकतं. पळायचं झालं तर उताराच्या दिशेनं खाली पळून उपयोग नाही, दरड माणसापेक्षा वेगवान असते. आडवं, बाजूच्या सोंडेकडे जायचं. आणि एकदा दरड आली की लगेच घरातलं सामान आणायला परत जायचं नाही. त्याच जखमेतून दुसरा लोंढा येऊ शकतो.

इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. घटनेनंतर सरकारनंच हे सांगितलं आणि त्यावर बरीच टीका झाली. टीका रास्त होती, पण याद्या अशा फसतात ते फक्त आपल्याकडेच असं नाही. ऑस्ट्रियातलं गाल्ट्यूर हे श्रीमंत पर्यटनगाव. हिमस्खलनाच्या धोक्याचे रंगीत नकाशे तिथे तयार होते, कुठे घर बांधायचं आणि कुठे नाही हे ठरलेलं होतं. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी आलेलं हिमस्खलन नकाशावरच्या सुरक्षित पट्ट्यात शिरलं आणि एकतीस माणसं गेली. तिथल्या तज्ज्ञांनी नंतर अंदाज बांधायची पद्धतच बदलली, पट्टे वाढवले, जाड संरक्षक भिंती उभारल्या. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं २०१४ पासून दरडप्रवण भागांचे नकाशे करायचं मोठं काम हाती घेतलं, आणि जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात दरडींचा पूर्वअंदाज देणारं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. नकाशा पूर्ण तालुक्याचा रंग सांगतो. आपल्या घरामागच्या ओघळीचं काय, हे मात्र घरातल्या माणसालाच पाहावं लागतं.

आणि ते दिसतं. उतारावर आडवी नवी भेग, जी दिवसागणिक रुंदावते. कालपर्यंत सरळ असलेलं झाड किंवा विजेचा खांब कलणं. दार चौकटीत अडकायला लागणं. कोरड्या जागी अचानक पाझर फुटणं, किंवा नितळ झऱ्याला गढूळ पाणी येणं. भर पावसात ओढ्याचं पाणी एकाएकी कमी होणं ही सगळ्यांत वाईट खूण, कारण वर कुठेतरी ढिगाऱ्यानं त्याला अडवलेलं असतं. यांतली एकेक खूण स्वतंत्रपणे फसवी असू शकते. तीन दिवस सलग पावसानंतर दोन खुणा एकत्र दिसल्या, तर त्या रात्री तिथे झोपायचं नाही.

इर्शाळवाडीतल्या वाचलेल्या कुटुंबांना आधी चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवलं होतं, मग सिडकोनं पक्की घरं बांधली. जुन्या जागेकडे जाणारी पायवाट आता रानानं भरत चालली आहे.

मुंबई-गोवा महामार्गानं महाडकडे जाताना सावित्रीचं खोरं उघडतं. या तालुक्याच्या वाट्याला दरड दोनदा आली. २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच दिवसांत महाडजवळची जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन ही गावं दरडींखाली सापडली. मुंबई बुडाल्याच्या बातम्यांत ही गावं बाहेरच्यांना उशिरा ऐकू आली. त्यानंतर सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ च्या दुपारी, तळिये गावची कोंडाळकरवाडी गेली. ऐंशीहून अधिक माणसं. खाली महाड शहरात पुराचं पाणी, रस्ते बंद, फोन बंद. वर महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, खेडजवळ पोसरे आणि पोलादपूरला साखर सुतारवाडी इथेही उतार सुटले.

महाडच्या शेतकऱ्यांशी बोलताना माहूरच्या शेतकऱ्यांना एक गोष्ट उमगली, जी कुठल्याच नकाशात नव्हती. दर जूनमध्ये दरडप्रवण वाड्यांना स्थलांतराच्या नोटिसा येतात. आणि जुलै हाच भाताच्या लावणीचा महिना. चिखलणी झालेली, रोपं काढून ठेवलेली, गडी ठरलेले. आठवडा चुकला तर वर्षाचं पीक चुकलं. गोठ्यात म्हैस. अशा वेळी चार कोसांवरच्या शाळेच्या खोलीत जाऊन बसा, ही सूचना कागदावर योग्य असली तरी शेतकऱ्याला ती पटत नाही. ‘आपल्याला पेरणीत उठवलं असतं तर आपण उठलो असतो व्हय?’ दोघांतल्या थोरल्यानं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

इशारा मिळणं आणि जागेवरून उठणं यांतलं हे अंतर बर्फातही तेवढंच आहे. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी संरक्षण खात्याच्या चंदीगडच्या संस्थेनं, डिफेन्स जिओइन्फॉरमॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंटनं, उत्तराखंडच्या चमोलीसह उंच भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या तळावर बर्फ आला. चोपन्न कामगार सापडले, त्यांतले आठ गेले. बाकीचे वाचले त्यांतल्या अनेकांना आसरा मिळाला तो लोखंडी कंटेनरचा. इशारा बरोबर होता. तळ मात्र होता तिथेच होता.

प्रवासाचा शेवट महाडच्या अलीकडे वीर स्थानकावर झाला, आणि माहूरकरांना तिथे दिसलेली गोष्ट या सगळ्या मुलखात सर्वांत जास्त आवडली. कोकण रेल्वे डोंगर कापून नेलेली. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांनी गाडी घसरली आणि सुमारे पन्नास प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी १६ जूनला, वीरच्या पुढच्या करंजाडीजवळ, मत्स्यगंधा एक्स्प्रेस अशाच दरडीवर आदळून पुलावरून खाली गेली. त्यानंतर रेल्वेनं कापांना जाळ्या बसवल्या, उतार कापून पायऱ्यापायऱ्यांचे केले, स्थानकांवर पर्जन्यमापक लावले, आणि कापाच्या कडेनं तार ताणून दगड पडताच गाडीला खबर देणारी रक्षाधागा नावाची यंत्रणा केली. पावसाळ्यात सगळ्या गाड्यांचं वेळापत्रकच बदलतं. त्या हळू धावतात. यंत्रांच्या जोडीला माणूस आहे. पावसाळ्यात रात्रंदिवस गस्तीचे गँगमन कंदील-टॉर्च, लाल झेंडा आणि रुळावर ठेवायचे आवाजी फटाके घेऊन आपापला टप्पा चालतात. काप ठीक वाटला नाही तर ते गाडी थांबवतात. राजधानी असली तरी.

कुणाला विचारून? तरुणानं हे विचारलं तेव्हा स्थानकावरच्या माणसाला प्रश्नच विचित्र वाटला. विचारायचं कशाला? आधी गाडी थांबवायची, मग कळवायचं.

वाडीत अशी ताकद कुणाकडे आहे, यावर परतीच्या गाडीची वाट पाहताना फलाटावर बराच वेळ वाद चालला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं लोकांना हलवण्याचे अधिकार जिल्हा प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या यंत्रणेकडे आहेत. भेग पहिल्यांदा दिसते ती गुराख्याला. तो सांगतो पोलीस पाटलाला, तो तलाठ्याला, तलाठी तहसीलदारांना, आणि भर पावसात मोबाइलला रेंज नसते. गुरुजींचं म्हणणं होतं, की पर्जन्यमापकाचा एक आकडा ठरवून द्यावा. तो ओलांडला की पोलीस पाटलानं कुणालाही न विचारता वाडी रिकामी करावी, गँगमनसारखी. थोरल्या शेतकऱ्याला हे अर्धवट वाटलं. आकडा ठरवा, अधिकारही द्या, तो म्हणाला, पण त्याआधी जनावरांची छावणी कुठे लागणार आणि बुडालेल्या लावणीची भरपाई कोण देणार हे मे महिन्यातच ग्रामसभेत लिहून ठेवा; म्हैस हलली की माणूस हलतो.